समास सोडून लिहिलेली पोथी

धर्मग्रंथ हाताने उतरून काढणे हे छपाई येण्यापूर्वी ग्रंथ टिकवण्याचे प्रमुख साधन होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या कामाकडे केवळ साधन म्हणून न पाहता साधना म्हणून पाहण्याची, म्हणजे अक्षर काढण्याच्या कृतीतच पूजा घडते असे मानण्याची परंपरा आशियाच्या बहुतेक देशांत होऊन गेली आणि काही ठिकाणी ती आजही चालू आहे. बौद्ध धर्मात या साधनेला जेवढे मोठे स्थान मिळाले तेवढे क्वचितच दुसरीकडे मिळाले असेल. महाराष्ट्रात तिचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत विचारपूर्वक मांडलेले रूप पाहायचे झाल्यास भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या पश्चिम कडेला यावे लागते. प्रस्तुत व्याख्यानात बौद्ध ग्रंथलेखनाचा विचार या मावळी कडेवरून, म्हणजे समर्थ रामदासांच्या दासबोधातील लेखनविचाराच्या शेजारी ठेवून केला आहे.

भोरहून हिरडस मावळातून पश्चिमेकडे जाणारी वाट वरंधा घाटाने कोकणात उतरते, आणि वेल्ह्याच्या बाजूने केळदजवळचा मढे घाटही महाडच्याच मुलखात उतरतो. या घाटांच्या पायथ्याला, आज रायगड जिल्ह्यात मोडणाऱ्या शिवथरच्या खोऱ्यात एक घळ आहे. घळ म्हणजे कातळाचे छत असलेली, डोंगराच्या पोटातील खोल नैसर्गिक जागा. दासबोधाचे लेखन या घळीत झाले, समर्थ सांगत गेले आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी लिहीत गेले, असे रामदासी संप्रदायाची परंपरा मानते. ग्रंथाच्या सहाव्या दशकातील चौथ्या समासात कलियुगाची 4760 वर्षे लोटल्याचा उल्लेख असून त्यावरून इसवी सन 1659 च्या सुमाराचा काळ निघतो. त्या वेळी शिवाजी महाराजांची राजधानी वेल्हे तालुक्यातील राजगडावर होती, म्हणजे घाटमाथ्यावर राज्य उभे राहत होते आणि घाटाखाली ग्रंथ उतरत होता. या दोन घटनांत किती आणि कसा संबंध होता याविषयी अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत व येथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही, कारण या विवेचनाचा विषय राज्य नसून बोरू आहे.

बौद्ध परंपरेचा विचार करताना आधी हे ध्यानात घ्यावे लागते की बुद्धवचन काही शतके लिहिलेलेच नव्हते. ते पाठ करणारे भिक्षू होते, त्यांना भाणक म्हणत, आणि त्रिपिटकाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या भाणकांनी मुखोद्गत ठेवलेले असत. श्रीलंकेच्या परंपरेनुसार इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात, दुष्काळ आणि युद्ध यांमुळे पाठ करणारेच उरणार नाहीत अशी भीती निर्माण झाली आणि तेव्हा हे वाङ्मय प्रथम ताडपत्रांवर उतरवले गेले. मातलेजवळचा अलुविहार हे त्याचे स्थळ म्हणून दाखवले जाते. त्या वेळी लेखनामागे भक्तीपेक्षा धास्ती अधिक होती.

पुढे महायान पंथाच्या सूत्रांनी, म्हणजे बुद्धाचा उपदेश म्हणून मानलेल्या संस्कृत ग्रंथांनी, लेखनाला पुण्यकर्माच्या पंक्तीत बसवले. सद्धर्मपुंडरीक सूत्रात ग्रंथ धारण करणे, वाचणे, पठण करणे, समजावून सांगणे आणि लिहिणे ही सारी कृत्ये एकत्र गौरवली आहेत. अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता या ग्रंथाने तर त्याही पुढे जाऊन, एकीकडे बुद्धाच्या अस्थिधातूंवर बांधलेले रत्नखचित स्तूप आणि दुसरीकडे हा ग्रंथ लिहून त्याची पूजा करणे, अशी तुलना मांडली आणि ग्रंथाचे पारडे जड ठरवले. स्तूपात बुद्धाचा देह असतो, ग्रंथात ज्या ज्ञानामुळे तो बुद्ध झाला ते ज्ञान असते, असा त्यामागचा विचार आहे. ज्या घरात पोथी आहे ते घर चैत्य होते, म्हणजे पूजास्थान होते, असे मानले गेल्यावर पोथी उतरवणाऱ्याचा हात पुजाऱ्याचा हात होणे स्वाभाविक होते.

येथे मराठी मुलखाशी असलेला एक दुवा आवर्जून नोंदवावा असा आहे. पाल राजांच्या काळातील पूर्व भारतातील आणि नेपाळातील ताडपत्री पोथ्यांच्या अखेरीस पुष्पिका असते. पुष्पिका म्हणजे पोथी कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिली वा लिहविली याची नोंद. त्या नोंदीत हे अमुकाचे ‘देयधर्म’ आहे, म्हणजे धर्मार्थ दिलेले दान आहे, अशा अर्थाचे ठरीव वाक्य येते आणि त्यापासून मिळणारे पुण्य आचार्य, मातापिता आणि सर्व प्राणिमात्र यांना अर्पण केलेले असते. हाच शब्द ‘देयधम’ या प्राकृत रूपात त्याआधी कित्येक शतके कार्ले, कुडा आणि महाडजवळची गांधारपाले या लेण्यांच्या लेखांत कोरला गेला आहे. भोरच्या पूर्वेला नीरेच्या खोऱ्यात शिरवळजवळ असलेली लेणी, किंवा वरंधा घाट उतरून गेल्यावर लागणारी गांधारपाले लेणी पाहणाऱ्याला असे म्हणता येईल की सह्याद्रीत जे दान कातळात दिले गेले तेच मगधात आणि नेपाळात ताडपत्रावर दिले गेले. ज्याला लेणे खोदवता येत नव्हते त्याला पोथी लिहविता येत होती, आणि या अर्थाने ग्रंथलेखन हे दानधर्माचे दार अधिक लोकांसाठी उघडणारे ठरले.

दान मात्र देणाऱ्याचे असते, आणि या साधनेतील खरी अडचण येथेच सुरू होते. पुष्पिकेत नाव येते ते बहुधा लिहविणाऱ्याचे. त्याला वाचता येत असेलच असे नाही, आणि पोथी एकदा पूजेत गेली की ती कोणी उघडेलच असेही नाही. पूजेची पोथी आणि वाचनाची पोथी यांत एक अंतर पडू लागते. बौद्ध जगाला या अंतराची जाणीव नव्हती असे मात्र मुळीच नाही. जपानमध्ये आठव्या शतकात नारा येथे राजाश्रयाने सूत्रे उतरवण्याचे कार्यालयच चालवले जाई व त्याचे जमाखर्चाचे कागद शोसोइन या भांडारात टिकून राहिले आहेत. त्यांवरून दिसते की उतरवणारे वेगळे, तपासणारे वेगळे अशी कामाची वाटणी होती आणि चूक सापडली की लेखकाच्या मजुरीतून रक्कम कापली जाई. त्याच देशात एकेक अक्षर लिहिण्याआधी तीनदा नमस्कार करण्याची प्रथाही पडली, आणि प्रज्ञापारमिताहृदय हे लहानसे सूत्र देवळात बसून उतरवण्याची रीत, जिला तेथे शाक्यो म्हणतात, सामान्य लोकांत आजही टिकून आहे. मजुरी कापणारा हिशेबनीस आणि नमस्कार करणारा भक्त हे दोघे एकाच परंपरेचे असले तरी ते एकाच माणसात नांदतात का, हा प्रश्न उरतो.

समर्थांच्या लेखनविचाराचे वेगळेपण नेमके या ठिकाणी आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियानिरूपण या नावाचा आहे आणि त्यात अध्यात्माचा एकही बोजड शब्द न वापरता केवळ लिहावे कसे हे सांगितले आहे. दोनशे समासांच्या आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्यांच्या ग्रंथात, जेथे माया, ब्रह्म आणि मोक्ष यांचे विवेचन चालले आहे, तेथे शाई, कागद आणि ओळींतील अंतर यांना स्वतंत्र समास मिळावा ही गोष्ट वाचकाने सहज ओलांडून जाऊ नये. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, काळ्या शाईत मोत्यांच्या माळेसारखी ओळ दिसावी. काना, मात्रा, वेलांटी आणि रफार स्वच्छ असावेत, वरच्या ओळीचा लांब फाटा खालच्या ओळीला लागू नये. पान शिशाने आखून घ्यावे आणि ओळी जवळ-दूर होऊ देऊ नयेत. पहिले अक्षर जसे निघाले तसेच ग्रंथ संपेपर्यंत निघावे, इतके की सारा ग्रंथ एकाच टाकाने, म्हणजे एकाच लेखणीने, लिहिला असे वाटावे. हा सारा तपशील सुलेखनाचा वाटेल, परंतु त्यामागे एकच माणूस सतत उभा आहे आणि तो म्हणजे पुढे कधीतरी ही पोथी उघडणारा वाचक.

दोन सूचनांवरून हे विशेष स्पष्ट होते. पहिली वयासंबंधीची आहे. तरुणपणी डोळे तीक्ष्ण असतात म्हणून फार बारीक अक्षर काढले तर म्हातारपणी त्याचा उपयोग होत नाही, तेव्हा मध्यम आकाराचे लिहिण्याचा सराव ठेवावा, असे समर्थ सांगतात. लेखकाने स्वतःच्या आजच्या डोळ्यांवर विसंबू नये, उद्याच्या मंद झालेल्या दृष्टीचा विचार आजच करावा, ही एवढी साधी दक्षता किती ग्रंथकारांनी दाखवली असेल याची शंका वाटते. दुसरी सूचना पानाच्या कडांची आहे: पानाच्या चारही बाजूंना जागा सोडून मध्ये नेटके लिहावे, म्हणजे कागद झडत गेला तरी अक्षर झडत नाही. या सोडलेल्या जागेला मराठीत समास म्हणतात आणि दासबोधाच्या अध्यायालाही समासच म्हणतात. शब्दांचा हा योग ग्रंथकर्त्याने साधलेला नसला तरी अभ्यासकाला तो सुखावून जातो.

कडेच्या जागेची ही सूचना मावळात राहणाऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस चार महिने घरात ओल धरून ठेवतो, बासनात, म्हणजे पोथी गुंडाळण्याच्या कापडात, दमट हवा शिरते, कसर आणि वाळवी लागते, आणि या साऱ्यांची सुरुवात पानाच्या कडेपासून होते. जुन्या हातकागदाला घोटून गुळगुळीत केले तरी वारंवार हाताळल्याने तो आधी कोपऱ्यांत मऊ पडतो. शिवथरच्या घळीशेजारी पावसाळ्यात धबधबा कोसळत असतो. अशा जागी कागद सांभाळणाऱ्याने समास सोडण्याचा उपदेश केला असेल तर तो अनुभवाचा उपदेश म्हटला पाहिजे.

लेखनक्रियानिरूपणाच्या या समासाचे आणखी एक अंग आहे. ग्रंथ तपासणाऱ्याला कोठे अडखळावे लागू नये, चूक शोधूनही सापडू नये, असे लेखन समर्थांना हवे आहे. संस्कृत पोथ्यांच्या अखेरीस लेखक पुष्कळदा एक ठरावीक श्लोक लिहीत. पुढ्यात जशी प्रत होती तशी उतरवली, शुद्ध असो की अशुद्ध, दोष माझ्या माथी मारू नये, असा त्याचा आशय असतो. त्या श्लोकात प्रामाणिकपणा आहे आणि वाकलेल्या पाठीची आणि मानेची व्यथा सांगणारे अशाच प्रकारचे श्लोक वाचताना मन हेलावते, हे मान्य करून असे म्हणावे लागते की समर्थांनी ही सूट दिलेली नाही. त्यांच्या दृष्टीने शुद्धता हाच भक्तीचा पुरावा आहे. लेखक श्रमला म्हणून पोथी पवित्र होत नाही. वाचणाऱ्याला ती निर्वेध वाचता येते आणि म्हणून लेखकाचे श्रम पवित्र ठरतात. बौद्ध सूत्रांनी लेखनाचे पुण्य मोजले आणि समर्थांनी लेखनाचा उपयोग मोजला, असा हा फरक असून ग्रंथ टिकवायचा असेल तर दुसरे माप अधिक भरवशाचे आहे असे प्रस्तुत विवेचनाचे मत आहे.

समर्थांनी हे केवळ सांगितले नाही. नाशिकजवळच्या टाकळी येथील तपाच्या काळात त्यांनी चोवीस हजार श्लोकांचे वाल्मीकि रामायण स्वहस्ते उतरवले अशी परंपरा आहे, आणि त्यांच्या हस्ताक्षरातील म्हणून मानलेले ते रामायण धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपले आहे. दासबोधाची कल्याणस्वामींनी लिहिलेली आणि समर्थांनी तपासलेली म्हणून मानली जाणारी प्रत परांडा तालुक्यातील डोमगावच्या मठात राहिली, आणि समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी दासबोध छापला तो या डोमगावच्या प्रतीच्या आधारे. सांगणारा गुरू, लिहिणारा शिष्य आणि पुन्हा तपासणारा गुरू, अशी ही साखळी होती. ना तिच्यात मजुरी कापली जात होती ना पुण्याचा हिशेब होता, तरी शोधन, म्हणजे मुळाशी ताडून चूक काढणे, सुटले नव्हते.

शोधनाचा हा आग्रह त्या काळात केवळ मठापुरता नव्हता, आणि येथे भोरचे नाव अपरिहार्यपणे येते. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या कानुजाबत्यात, म्हणजे अष्टप्रधानांची कामे नेमून देणाऱ्या नियमपत्रात, सचिवाकडे राजपत्रे तपासून त्यांतील कमी-अधिक अक्षर शुद्ध करण्याचे काम दिले आहे. याच पदाला पूर्वी सुरनीस म्हणत. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे हे पद आले आणि पुढे त्यांच्या वंशाकडे राहिलेले पंतसचिवांचे संस्थान भोर येथे 1948 च्या विलीनीकरणापर्यंत नांदले. ज्या संस्थानाचे नाव ज्या पदावरून पडले त्या पदाचे मूळ कर्तव्य अक्षर शुद्ध करणे हे होते, ही गोष्ट भोरकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. दफ्तरात मूळ कागदाला अस्सल आणि त्यावरून केलेल्या प्रतीला नक्कल म्हणत, आणि नक्कल अस्सलाशी रुजू झाल्याशिवाय, म्हणजे ताडून जुळल्याशिवाय, तिला किंमत नसे. कारण एका अक्षराच्या फरकाने एखाद्याचे वतन जाऊ शकत होते. भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली शकावली (सालवार नोंदींची यादी), जी लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली आणि जिच्यातील नोंदीने शिवजन्माच्या तिथीचा विचारच बदलला, हे घरात जपलेल्या कागदाचे मोल दाखवणारे याच भागातील उदाहरण आहे. दफ्तरातील कारकून हक्कासाठी अक्षर जपत होता आणि मठातील शिष्य मोक्षासाठी जपत होता, पण दोघांचे हात एकाच शिस्तीत वळले होते.

मराठी भक्तिपरंपरेत याच शिस्तीची आणखी उदाहरणे आहेत आणि ती थोडक्यात सांगून पुढे गेले तरी चालेल. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. तुकोबांचे अभंग चाकणच्या संताजी तेली जगनाडे यांनी आणि गंगाराम मवाळ यांनी लिहून ठेवले.

संताजींचे नाव येथे मुद्दाम घेतले आहे. दासबोधातील लेखनाचा समास ब्राह्मणाने बाळबोध अक्षर घोटावे अशा सांगण्याने सुरू होतो, आणि त्या एका शब्दात त्या काळाची मर्यादा दिसते. ती झाकून ठेवण्याने समर्थांचा गौरव वाढत नाही. ग्रंथ लिहिण्याची साधना ज्याला अक्षर येते त्याचीच असते, आणि अक्षर कोणाला येऊ द्यायचे हे जातीने ठरत होते. चाकणच्या एका तेल्याने अभंगांच्या वह्या लिहून ठेवल्या ही घटना म्हणूनच मोठी आहे. तिच्याहून मोठी घटना विसाव्या शतकात घडली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माचा स्वीकार करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाली भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश यांसाठी शब्द शब्द जमवून केलेले काम त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात, बौद्ध पूजापाठासह, प्रसिद्ध केले. ज्यांच्या पूर्वजांना पोथीला हात लावण्याची मुभा नव्हती त्यांच्यातील एकाने बुद्धवचनाच्या भाषेचा कोश रचावा, हे ग्रंथलेखनाच्या साधनेचे महाराष्ट्रातील सर्वोच्च उदाहरण होय, मग त्यात नमस्कार, धूप किंवा पुष्पिका यांपैकी काही नसो.

त्याआधी गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी 1902 साली श्रीलंकेला जाऊन पाली शिकले. पालीला स्वतःची लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत लिहिली जाते, त्यामुळे मराठी माणसाला बुद्धवचन वाचायचे तर कोणीतरी ते देवनागरीत उतरवून द्यावे लागते. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाची कोसंबींनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती 1940 साली प्रसिद्ध झाली. लिप्यंतर हेही उतरवणेच आहे, आणि त्यात एका लिपीतील वळणाची दुसऱ्या लिपीत चूक होऊ न देण्यासाठी लागणारी सावधानता ताडपत्रावर लिहिणाऱ्यापेक्षा कमी नसते.

आज छापील ग्रंथ स्वस्त आहे, आणि तरीही ज्ञानेश्वरी, दासबोध किंवा धम्मपद वहीत उतरवून काढणारे लोक आहेत. त्यांच्या या कामामुळे ग्रंथ टिकतो असे आता म्हणता येत नाही, तेव्हा त्यातून काय साधते हे निराळ्या रीतीने पाहावे लागते. डोळा वाचताना शब्द गाळून पुढे जातो, हाताला तसे करता येत नाही. लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते आणि जे समजले नाही ते तेथेच उघडे पडते. वाचनाने ग्रंथ संपतो पण लेखनाने तो मुरतो, असा अनुभव लिहिणारे सांगतात आणि तो खोटा म्हणण्याचे कारण नाही. मात्र जेथे संख्येवर भर येतो, किती वह्या भरल्या आणि किती दिवसांत भरल्या याची मोजदाद सुरू होते, तेथे समर्थांची कसोटी लावून पाहणे इष्ट आहे: लिहून झाल्यावर ती वही मूळ ग्रंथाशी ओळ-ओळ ताडली गेली का, आणि ती दुसऱ्या कोणाला वाचता येते का. ताडण्याचे काम दोघांनी करायचे असते, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने बोट ठेवून पाहायचे. डोमगावच्या प्रतीमागे गुरुशिष्य होते आणि नारा येथील कार्यालयात लेखक आणि तपासनीस होते. एकट्याने लिहिता येते, पण एकट्याने शोधन होत नाही.

भोर-वेल्ह्याच्या परिसरात ज्या घरांत जुन्या पोथ्या आहेत, त्यांनी पावसाळा सरल्यावर त्या उन्हाच्या कडेला, थेट उन्हात नव्हे, उघडून ठेवताना पुष्पिका वाचावी आणि मग समास पाहावा. जुन्या पोथ्यांत सुटलेल्या अक्षराच्या जागी काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण, करून ते अक्षर समासात लिहिलेले असते, आणि नको असलेल्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप दिलेला असतो; हरताळ फासणे हा मराठीतला वाक्प्रचार त्यातूनच आला. अशी दुरुस्ती कित्येकदा लेखकाच्या हातची नसते. शाई वेगळी दिसते, वळण वेगळे दिसते. लिहून झाल्यावर कधीतरी दुसऱ्या कोणी ती पोथी वाचली, अडखळला आणि लेखकाने मोकळ्या सोडलेल्या जागेत नेमके ते एक अक्षर लिहून ठेवले.